गिरणगावच्या मुलांचे ना. म. जोशी

डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. त्या रस्त्याने आपण नेहमी जातो-येतो, पण हे जोशी कोण, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. शाळा सुटल्यावर मुलांचा वेळ कसा जावा, याची काळजी असलेल्या प्रत्येक आई-वडिलांनी त्यांची ओळख करून घ्यावी.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यात शिक्षण झाल्यावर काही वर्षे त्यांनी शिक्षकी केली. १९०९ साली ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली.

त्या काळी परळ-लालबागमधील पुष्कळ मुलांची शाळा सुटत नसे, गिरणीतली पाळी सुटत असे. १९११ च्या कायद्याने ९ वर्षांच्या मुलालाही कापडगिरणीत दिवसाला ६ तास कामावर ठेवता येई. घर म्हणजे चाळीतील एक खोली, तीही माणसांनी भरलेली. मग मुलाने बसायचे कुठे आणि खेळायचे कुठे?

लीगची रीत अशी, की आधी वस्तीत जाऊन लोकांची स्थिती जाणून घ्यायची आणि मग काम हाती घ्यायचे. त्यामुळे तिचे काम केवळ वर्गापुरते राहिले नाही. कामगारांसाठी रात्रशाळा, मोफत वाचनालये व दवाखाने निघाले. मुलांसाठी क्लब व बालवीर पथके निघाली. व्यायामशाळा, नाटके आणि वस्तीतील लोकांच्या सहलीही होत्या. अक्षरओळखीइतकाच खेळही महत्त्वाचा मानला गेला.

परंतु दमलेल्या मुलाला संध्याकाळी किती शिकवणार? त्याचा दिवसच मोकळा व्हायला हवा होता. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. भारतातील कारखान्यांत १२ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, असे त्या परिषदेत ठरले आणि १९२२ साली आपल्याकडे तसा कायदा झाला. पुढेही जोशींनी सारे आयुष्य कामगारांसाठी वेचले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपली मुले गिरणीत जात नाहीत. पण शाळेतून क्लासला, तेथून दुसऱ्या क्लासला जाणारे मूलही दमतेच. आपल्या धर्मग्रामात मुलांसाठी संध्याकाळचा उपक्रम सुरू करताना नुसता आणखी एक वर्ग वाढवू नये. आधी मुलांना विचारावे : दिवस कसा जातो, घरी अभ्यासाला जागा आहे का, खेळायला मिळते का? त्यांच्या उत्तरांवरून वेळापत्रक ठरवावे. आठवड्यातील एक संध्याकाळ नेमाने देणारी चार वडीलधारी माणसे पुढे आली, तर सुरुवातीला तेवढे पुरे आहे.