प्रेमचंद रायचंद आणि तारणाचा प्रश्न

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यासाठी देणगी देऊन त्यास मातेचे नाव देणारे प्रेमचंद रायचंद दानशूर म्हणून सर्वांस परिचित आहेत. बँकव्यवसायाच्या इतिहासातील त्यांचे स्थान मात्र अस्वस्थ करणारे आहे.

सुरतेच्या जैन व्यापारी कुटुंबात १८३१ साली जन्मलेले प्रेमचंद एल्फिन्स्टन संस्थेत इंग्रजी शिकले आणि विशी गाठण्यापूर्वीच दलालीत शिरले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. आगगाडी सोलापुरास १८६० सालीच पोहोचली होती. बार्शीच्या पेठेलाही ही तेजी लाभली. एवढा पैसा सामावणारे उद्योग येथे नव्हते. तेव्हा नव्या कंपन्यांचे भाग खपविणाऱ्या आणि त्याच भागांवर कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था निघाल्या. आज ज्यास गुंतवणूक बँक म्हणतात, तिचेच हे कच्चे रूप होय. प्रेमचंदांच्या नुसत्या होकाराने भाव चढत. बॅकबे भरणी कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांपर्यंत गेला.

खरा अनर्थ घडला तो बँक ऑफ बॉम्बेत. १८४० साली स्थापन झालेल्या या बँकेत सरकारचेही भांडवल होते. १८६३ च्या कायद्याने भागांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक तिला मिळाली. प्रेमचंदांच्या शिफारशीवर कर्जे मंजूर होऊ लागली. भाग कर्जातून घ्यायचे, तेच तारण ठेवायचे, आणि त्यांची किंमत ठरणार ती पुन्हा शिफारस करणाऱ्याच्याच शब्दाने! १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपले, १ जुलैच्या वायद्यांनी बाजार कोसळला. बँकेचा २,८५० रुपयांवर गेलेला भाग ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये बँक गुंडाळली गेली. प्रेमचंदही बुडाले, पण पुन्हा सावरले आणि १९०६ पर्यंत जगले. भागधारकांचे भांडवल मात्र जवळजवळ सारे गेले. दोष एकट्या प्रेमचंदांचा नव्हे. सरकारनियुक्त संचालक तेथे बसले होतेच.

सोलापूरकरांस ही कथा परकी वाटू नये. येथील लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना २०२२ साली रद्द झाला. तिची कारणे निराळी असतील, पण ठेवीदाराची धास्ती तीच. आज पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे, आणि नागरी सहकारी बँकांनी संचालकांस व त्यांच्या नातलगांस कर्ज देण्यावर २००३ पासून, किरकोळ अपवाद वगळता, बंदी आहे. तथापि बंदी नात्यावर आहे, वजनावर नाही. म्हणून वार्षिक सभेत लाभांशाबरोबरच मोठ्या कर्जांची शिफारस कोणी केली आणि तारणाचे मूल्य कोणी ठरविले, हेही सभासदांनी विचारले पाहिजे.