एक सोडून एक कैदी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने डोके वर काढले आणि महिनाभरात वाल्डेमार हाफकिन तिथे पोचले. ओडेसात १८६० मध्ये जन्मलेले हे संशोधक पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून पटकीची लस घेऊन १८९३ मध्येच भारतात आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. धाडस मोठेच, पण एक माणूस सुखरूप राहिला म्हणून लस प्लेग रोखते, हे सिद्ध होत नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. सुमारे निम्म्या कैद्यांनी राजीखुशीने लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी, मृत्यू एकही नाही. तरी शंका उरतेच. पुढे येणारे मुळातच धडधाकट असतील तर?

म्हणून १८९८ च्या सुरुवातीला उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवून एक सोडून एकाला लस दिली गेली. बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात तर एकेका घरातल्या निम्म्यांनाच टोचले. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेल्या ७१ पैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६. ७१ पैकी ८ जणांना प्लेग झाला, हेही हाफकिन यांनी लपवले नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांची तुलना ४७ गावांशी केली होती. गाभा हाच.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, नोकरीतून दूर व्हावे लागले. खरे तर उत्तर तुलनेतच होते: त्या दिवशी १०७ जणांना टोचले होते आणि मेलेले सगळे एकाच बाटलीतले. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण मुंबईची प्रयोगशाळा परत मिळाली नाही. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये लोझानला ते वारले.