विश्लेषण : शाळांच्या पाट्यांवरचे डॉन बॉस्को नेमके कोण होते?

माटुंग्यापासून पणजीपर्यंत अनेक शाळांच्या फाटकांवर डॉन बॉस्को हे नाव दिसते. तिथे प्रवेश मिळावा म्हणून पालक धडपडतात. पण ज्यांच्या नावाने या शाळा चालतात, त्यांची उमेदीची वर्षे गेली ती शाळेची पायरीही न चढलेल्या मुलांमध्ये. विटा वाहणारी, धुराडी साफ करणारी, तुरुंगातून सुटून पुन्हा तिथेच पोहोचणारी मुले. या मुलांसाठी त्यांनी काय केले आणि त्यातले वेगळे काय होते?

नावातला ‘डॉन’ कुठला?

मुंबईकरांना चटकन आठवतो तो डॉन नव्हे. इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी आदराने हा शब्द लावतात. जिओव्हानी बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी तुरिन शहराजवळच्या बेक्की या वस्तीत, गरीब शेतकरी कुटुंबात झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. आई मार्गेरिता हिला लिहिता-वाचता येत नव्हते. सावत्र थोरल्या भावाला धाकट्याचे शिक्षण म्हणजे शेतीचे नुकसान वाटे. त्यामुळे बारा वर्षांच्या जिओव्हानीला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहावे लागले.

पुढे शिक्षणासाठी पडेल ते काम केले. शिंप्याकडे सुई धरली, लोहाराकडे घण उचलला, कॉफीच्या दुकानात राबले. जत्रेतल्या खेळवाल्यांचे पाहून दोरीवर चालणे आणि हातचलाखीही शिकले. गावातली पोरे खेळ पाहायला जमली की तिकीट एकच, सोबत प्रार्थना म्हणायची. जून १८४१ मध्ये ते धर्मगुरू झाले.

तुरुंगात काय दिसले?

तुरिन तेव्हा पिडमाँट-सार्डिनिया राज्याची राजधानी होती आणि झपाट्याने वाढत होती. बांधकामांवर मजूर हवे होते. डोंगराळ भागातून आठ-दहा वर्षांची मुलेसुद्धा एकटी शहरात येत. काम मिळाले तर मुकादमाच्या मर्जीवर, नाही मिळाले तर रस्त्यावर.

बॉस्को यांचे मार्गदर्शक फादर जुझेप्पे काफासो त्यांना तुरुंगात घेऊन जात. तिथे धडधाकट, हुशार मुले उवा-ढेकणांत खितपत पडलेली दिसली. त्याहून त्यांना खटकली ती वेगळीच गोष्ट. सुटलेली मुले थोड्या दिवसांत परत येत होती, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. बॉस्को यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या निरीक्षणात आहे.

८ डिसेंबर १८४१ रोजी चर्चमध्ये आडोशाला आलेल्या एका अनाथ गवंडीकाम करणाऱ्या मुलाला तिथला सेवक काठीने बडवत होता. बॉस्को यांनी मुलाला परत बोलावले. वाचता येते का, गाता येते का, असे विचारले. उत्तर प्रत्येक वेळी नाही. शेवटी शीळ वाजवता येते का, असे विचारताच पोरगा हसला. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. हा प्रसंग स्वतः बॉस्को यांनीच उतारवयात लिहून ठेवला आहे. त्यात आठवणीची थोडी रंगरंगोटी असेलही, पण त्यांची पद्धत त्यातून नेमकी कळते.

नोकरी की पोरे?

रविवारी जमणारी मुले शेकड्यांवर गेली आणि शहराला त्यांचा गोंगाट सोसेना. एका जागेतून हाकलले की दुसरी, असे कित्येक महिने चालले. एवढी कामगार पोरे एकत्र येतात म्हटल्यावर पोलिसांनाही संशय येऊ लागला. बॉस्को तेव्हा एका सरदार घराण्यातील बाईंच्या मुलींच्या आश्रमात धर्मगुरू होते. पगार होता, खोली होती. पोरे सोडा किंवा नोकरी सोडा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नोकरी सोडली.

१२ एप्रिल १८४६ च्या ईस्टरला वाल्डोक्को भागातल्या एका बुटक्या शेडमध्ये पहिली प्रार्थना झाली. उंची कमी पडते म्हणून तिथली जमीन खोदून खाली घ्यावी लागली होती. त्याच उन्हाळ्यात बॉस्को आजाराने मरता मरता वाचले आणि गावाकडून परतताना आईला सोबत घेऊन आले. लग्नातले कपडे आणि दागिने मोडून मार्गेरिताबाईंनी पोरांचा संसार उभा केला. रात्री आसरा दिलेल्या पहिल्या मुलांनी सकाळी पांघरुणे पळवली, तरीही दार बंद झाले नाही. १८४७ मध्ये पावसात भिजून आलेला एक अनाथ मुलगा तिथे कायमचा राहिला आणि वसतिगृह सुरू झाले.

कराराचे महत्त्व काय?

दया दाखवणारे त्या काळी बरेच होते. बॉस्को कामाच्या जागी जात, मालकांशी बोलत, मुलगा काय करतो ते पाहत. १८५१-५२ पासून ते मुलांसाठी लेखी करार करून घेऊ लागले. सुताराकडच्या १८५२ च्या करारात मालकाने काय करायचे ते स्पष्ट आहे : धंदा खरोखर शिकवायचा, घरगडी म्हणून राबवायचे नाही, ताकदीबाहेरचे काम द्यायचे नाही, मारायचे नाही, रविवार मोकळा ठेवायचा, वर्षाला १५ दिवस सुट्टी द्यायची आणि मजुरी वर्षागणिक वाढवायची. बालमजुरीवर इटलीत कायदा यायला तेव्हा अनेक दशके होती. अनाथ पोराच्या बाजूने कागदावर सही करणारे कोणीतरी आहे, हे मालकाला कळणेच मोठी गोष्ट होती.

तरीही बाहेरच्या कारखान्यांत मुले बिघडतात, असे त्यांना वाटे. म्हणून १८५३ पासून चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम आणि पुढे छपाईचे वर्ग आवारातच निघाले. छडीऐवजी शिक्षकाने मुलांच्यात मिसळून राहावे, ही त्यांची पद्धत. तिचे टिपण १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात धर्माला मोठे स्थान आहे. बॉस्को यांना कामगार नेता ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. मुलाचा आत्मा वाचवणे हेच त्यांचे उद्दिष्ट होते; पोट, हुनर आणि हक्क त्या वाटेवर आले.

मग इतक्या शाळा कशा झाल्या?

१८५९ मध्ये १८ जणांनी मिळून सलेशियन मंडळी स्थापन केली. काम वाढवायला धर्मगुरू हवेत, धर्मगुरू हवेत तर शिकणारी मुले हवीत. त्यामुळे बॉस्को यांच्या हयातीतच वाल्डोक्कोत कारागिरांपेक्षा विद्यार्थी जास्त झाले आणि वसतिगृहाच्या शाळा निघाल्या. मुलींसाठी मारिया माझ्झारेल्लो यांच्यासोबत १८७२ मध्ये वेगळी संस्था झाली. १८७५ मध्ये पहिली तुकडी अर्जेंटिनाला गेली. ३१ जानेवारी १८८८ रोजी बॉस्को यांचे निधन झाले. १९३४ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले.

ते स्वतः भारतात कधी आले नाहीत. सलेशियन १९०६ मध्ये तंजावरला पोहोचले आणि नंतर मुंबईत. माटुंग्याच्या शाळेचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तिथून जवळच वडाळ्यात, रेल्वे फलाटांवर आणि रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी याच मंडळींनी उभारलेले ‘शेल्टर डॉन बॉस्को’ आहे.