एक राज्य, एक मुद्रा

वसईचा किल्ला आपणांस नवा नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या काळी कारभाराची सूत्रे पुण्यात होती. तरी पेशव्यांच्या शिक्क्यावर आधी शाहू छत्रपतींचे नाव असे आणि मग मुख्य प्रधान म्हणून पेशव्यांचे. ही रीत शिवाजी महाराजांच्या प्रधानांपासूनची.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. वडील शहाजीराजे आदिलशाहीतील मातब्बर सरदार. त्यांचा शिक्का फारसीत होता. पुण्याच्या जहागिरीचा कारभार पाहू लागलेल्या मुलाची मुद्रा मात्र संस्कृतात कोरली गेली. प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढणारी ही मुद्रा लोककल्याणासाठी आहे, असा तिचा आशय. रांझ्याच्या पाटलाने बदअंमल केला, तेव्हा १६४६ च्या ज्या पत्रात त्याच्या शिक्षेची नोंद आहे, त्यावरही हीच मुद्रा आहे.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि साऱ्या कारभाराला एक रूप आले. मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव, डबीर सुमंत, सरनोबत सेनापती. राज्याभिषेक शक सुरू झाला. होन आणि शिवराई या नाण्यांवर राजाचे नाव देवनागरीत उमटले. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला गेला. त्यात दहा वर्गांत सुमारे १४०० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत.

हे सारेच शब्द रुजले असे नाही. मुख्य प्रधानाला लोक पेशवाच म्हणत राहिले. अर्ज आणि वकील तर आजही आपल्या तोंडी आहेत. मग महाराजांनी राज्याला दिलेली खरी ओळख कोणती?

तिचे उत्तर राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षीच्या एका पत्रात सापडते. मे १६७३ मध्ये चिपळूणजवळ लष्कराची छावणी होती. तेथील अधिकाऱ्यांना महाराजांनी बजावले, की दाणा, गवत, भाजी जे लागेल ते बाजारातून विकत आणावे, रयतेच्या काडीलाही हात लावू नये. नाहीतर लोकांना यापेक्षा मोगल बरे वाटतील. एका शिपायाने कुणब्याचे गवत ओढून नेले, तरी बोल साऱ्या राज्याला लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे देहावसान झाले. आपल्यापैकी कित्येकजण उद्या सरकारी कचेरीत खुर्चीवर बसतील. कागदावर शिक्का उमटवताना त्यांना चिपळूणच्या त्या पत्राची आठवण व्हावी.