शब्द जमवणारा कवी : नर्मद

जमीन, बाजार, दुकान हे शब्द आपण उर्दूत बोलतो आणि मराठीतही बोलतो. गुजराती माणूसही थोड्याफार फरकाने हेच शब्द बोलतो. गुजराती भाषा संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश या भाषांतून हळूहळू तयार झाली. पुढे तिच्यात फारसी, अरबी, पोर्तुगीज आणि इंग्रजी शब्द मिसळले. पंधराव्या शतकात नरसिंह मेहतांनी याच भाषेत भजने रचली. पण या भाषेतील शब्दांचा अर्थ गुजरातीतच सांगणारा मोठा कोश नव्हता. १८४६ साली मिर्झा मोहम्मद काझिम आणि नवरोजी फर्दुनजी यांचा कोश मुंबईत निघाला होता. परंतु त्यात अर्थ इंग्रजीत दिले होते. ही उणीव कवी नर्मद यांनी भरून काढली.

नर्मद यांचे पूर्ण नाव नर्मदाशंकर लालशंकर दवे. त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १८३३ रोजी सुरत येथे झाला. त्यांचे वडील मुंबईत हस्तलिखिते उतरवून काढण्याचे काम करत. नर्मद मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि पुढे शिक्षक झाले. शिकवता शिकवता लिहायला वेळ मिळेना. २३ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांनी नोकरी सोडली. यापुढे केवळ लेखणीच्या आधारावर जगायचे, असा त्यांनी निश्चय केला.

हा मार्ग सोपा नव्हता. पुस्तके विकून घर चालत नसे. कर्ज वाढू लागले. तरीही त्यांची लेखणी थांबली नाही. १८६४ साली त्यांनी मित्रांसह 'दांडियो' नावाचे पत्र सुरू केले. समाजातील वाईट चालींवर त्यात कडक टीका असे. विधवांनी पुन्हा विवाह करावा, असे ते सांगत. त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला. त्यामुळे जातीतले लोक रागावले, पण नर्मद डगमगले नाहीत.

याच काळात ते एकेक शब्द जमवत होते. पुस्तकांतले शब्द त्यांनी घेतलेच, शिवाय लोकांच्या बोलण्यातले शब्दही टिपले. अर्थ लिहिणे, शब्द क्रमाने लावणे, छपाई तपासणे ही कामे ते स्वतः करत. अखेर १८७३ साली 'नर्मकोश' पूर्ण प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २५ हजार शब्द होते. एवढे मोठे काम एकट्या माणसाने केले होते.

मात्र गरिबीने त्यांची पाठ सोडली नाही. चोवीस वर्षे पाळलेला निश्चय त्यांना १८८२ साली मोडावा लागला. जड मनाने त्यांनी मुंबईत नोकरी पत्करली. फेब्रुवारी १८८६ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईतच त्यांचे निधन झाले.

नर्मद यांना धन मिळाले नाही. पण त्यांनी आपल्या भाषेला शब्दांचे धन दिले. आज त्यांचा जन्मदिवस, २४ ऑगस्ट, गुजराती भाषा दिन म्हणून साजरा होतो. त्यांचे 'जय जय गरवी गुजरात' हे गीत गुजरातचे राज्यगीत आहे.