संशयाचे नाटककार : गोविंद बल्लाळ देवल

देवल म्हटले की सर्वांना ‘शारदा’ आठवते. मला मात्र त्यांचे ‘झुंझारराव’ अधिक अस्वस्थ करते.

सांगलीजवळच्या हरिपूरला १८५५ मध्ये जन्मलेले देवल बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी होते. तिथूनच ते रंगभूमीकडे वळले. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून त्यांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ रचले. मूळ नाटकात बढती हुकलेला इयागो सेनापतीचे कान भरतो आणि एका हातरुमालापायी निरपराध पत्नीचा जीव जातो. २००६ च्या ‘ओमकारा’ चित्रपटात रुमालाऐवजी कमरबंद आला, दगा मात्र तोच! घात करणारा परका नसतो, विश्वासातला सहकारी असतो. त्याच्या शब्दापुढे पत्नीचा शब्द हलका ठरतो.

मोलिएरच्या प्रहसनावरून देवलांनी ‘फाल्गुनराव’ही लिहिले. तेच पुढे ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षी देवल गेले. संशय याही नाटकात आहेच, पण इथे सगळी माणसे अखेर समोरासमोर येतात आणि गैरसमज हशात विरतो.

कचेरीत काय, संसारात काय, समोर बसून विचारणे एवढेच आपल्या हाती असते, असे मला वाटते. गणराय आपणा सर्वांना तेवढी सुबुद्धी देवो!