विश्लेषण : ऑल-सीझन टायरची गोष्ट सुरू होते कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात, कोण होते चार्ल्स गुडइयर?

उन्हात वितळणारं आणि थंडीत तडकणारं रबर सुधारण्यासाठी एका माणसाने घर, तब्येत आणि मुलांची शाळेची पुस्तकंही पणाला लावली. मोटारीचा टायर मात्र त्यांनी कधी पाहिला नाही.

ऑक्टोबर उजाडला की न्यू जर्सीपासून टोरंटोपर्यंतच्या मराठी घरांत एक चर्चा हमखास होते. गाडीला हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन टायर घ्यायचे, की उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा असे दोन वेगळे सेट ठेवायचे? एका सेटवर वर्ष निघालं तर गॅरेजमध्ये चार टायरची चळत लावावी लागत नाही आणि दर सहा महिन्यांनी बदलण्याची मजुरीही वाचते. प्रश्न पैशाचा वाटतो, पण मुळात तो रबराचा आहे. जुलैच्या तापलेल्या हायवेवर मऊ पडणार नाही आणि जानेवारीत दगड होणार नाही, असं रबर मिळतं का?

साधारण १९० वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न चार्ल्स गुडइयर यांना पडला होता.

हार्डवेअरचा दुकानदार रबराच्या नादी कसा लागला?

गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, न्यू हेवन इथे झाला. वडील अमासा यांचा बटणं आणि हार्डवेअरचा धंदा होता. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर यांच्याशी लग्न झालं आणि दोन वर्षांनी दोघांनी फिलाडेल्फियात दुकान थाटलं. उधारीवर माल देण्याच्या सवयीने १८३० च्या सुमारास धंदा बुडाला. त्या काळात कर्ज फेडलं नाही की थेट तुरुंग. गुडइयर यांनी ती वाट पुढे अनेकदा पाहिली.

१८३४ मध्ये ते न्यू यॉर्कमध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात शिरले. तिथल्या हवा भरायच्या लाइफ प्रिझर्व्हरचा व्हॉल्व्ह त्यांना बरोबर वाटला नाही. त्यांनी सुधारित व्हॉल्व्ह बनवून नेला, तेव्हा व्यवस्थापकाने त्यांना वेगळंच दुखणं सांगितलं. व्हॉल्व्हचं काही नाही, रबरच टिकत नव्हतं. ब्राझीलमधून येणाऱ्या या चिकाचं अमेरिकेत मोठं वेड पसरलं होतं. बूट, कोट, टोप्या, सगळं रबराचं. पण उन्हाळा आला की मालाचा दुर्गंधी येणारा लगदा व्हायचा आणि हिवाळ्यात तो कडक होऊन तडकायचा. ग्राहक माल परत आणून टाकत होते.

रसायनशास्त्राचं शिक्षण नाही, खिशात पैसा नाही. तरीही गुडइयर यांनी हे आपलंच काम मानलं. सुरुवातीचे प्रयोग त्यांनी कर्जापायी तुरुंगात असतानाच केले, तेही बायकोचं लाटणं आणि कच्च्या रबराचे गोळे घेऊन.

घरच्यांनी काय सोसलं?

त्यांच्या चरित्रातला हा भाग वाचताना खरं तर त्यांचा राग येतो. मॅग्नेशिया मिसळून पाहिलं, चुन्यात उकळून पाहिलं, नायट्रिक आम्ल लावून पाहिलं. एकदा तर बंद खोलीतल्या वायूने जीव जाता जाता वाचला. दर वेळी थोडं यश यायचं आणि पुढचा उन्हाळा ते पुसून टाकायचा. दरम्यान घरातलं सामान गहाण पडलं, मुलांची शाळेची पुस्तकं विकली गेली. काही काळ हे कुटुंब स्टेटन आयलंडवरच्या बंद पडलेल्या रबर कारखान्यात, मासे धरून खात राहिलं. बारा मुलांपैकी सहा जण लहानपणीच गेले. क्लॅरिसा यांच्या मनात काय होतं, याकडे या कहाण्या फारसं पाहत नाहीत.

पुढे सरकारकडून टपालाच्या १५० पिशव्यांचं काम मिळालं. पिशव्या देखण्या झाल्या. काही दिवस उबदार खोलीत टांगून ठेवल्या, तर आपल्याच वजनाने ओघळून हँडलपासून सुटल्या. वरचा थर टिकाऊ झाला होता, आतलं रबर कच्चंच होतं.

स्टोव्हवर नेमकं काय घडलं?

मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न इथे नॅथॅनियल हेवर्ड नावाचा कारागीर रबरात गंधक मिसळायचा. गुडइयर यांनी त्याच्याकडून ती युक्ती विकत घेतली. १८३९ मध्ये गंधक मिसळलेला एक तुकडा तापलेल्या स्टोव्हला लागला. कच्चं रबर वितळायला हवं होतं. हे वितळलं नाही, चामड्यासारखं करपलं, आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी लवचीक पण घट्ट राहिली होती. ती पट्टी थंडीत ठेवली तरी तडकली नाही.

ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते, ते अर्धंच खरं आहे. तुकडा स्टोव्हला लागणं हा अपघात; पण त्या पट्टीत काय पाहायचं, हे पाच वर्षं रबर मळलेल्या माणसालाच कळलं असतं. शिवाय खरं काम त्यानंतरचं होतं. किती उष्णता, किती वेळ, किती गंधक, हे ठरवण्यात पुढची वर्षं गेली. शेवटी दाबाखालची वाफ, साधारण १३२ अंश सेल्सिअस, चार ते सहा तास, हे गणित बसलं. मेहुणे विल्यम डी फॉरेस्ट यांनी पैसे दिले म्हणून ते निभावलं. १५ जून १८४४ रोजी अमेरिकन पेटंट मिळालं.

आत काय होतं, ते सोपं आहे. कच्च्या रबरातले लांबलचक रेणू शिजवलेल्या शेवयांसारखे एकमेकांवरून घसरतात. गरम झालं की आणखी घसरतात, म्हणून लगदा. उष्णता आणि गंधक मिळालं की या शेवयांना जागोजागी गाठी बसतात. मग ओढलं तर रबर ताणतं, सोडलं तर जागेवर येतं. गाठी कमी तर मऊ, जास्त तर कडक. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात आणि तुमच्या गाडीचा प्रत्येक टायर कारखान्यात शेवटी साच्यात असाच भाजला जातो.

मग ऑल-सीझन टायर निवडताना काय पाहायचं?

गुडइयर यांनी दोन टोकांमधली जागा शोधली. ऑल-सीझन टायर आजही तिथेच बसतो. उन्हाळी परफॉर्मन्स टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं आणि पकड सोडतं. हिवाळी टायरचं रबर उन्हाळ्यात मऊ पडून भराभर झिजतं. मधला मार्ग काढायला आता गंधकाच्या जोडीला सिलिका, रेझिन आणि वेगवेगळी कृत्रिम रबरं असतात, त्यामुळे ओल्या रस्त्यावरचा ब्रेक पूर्वीपेक्षा खूपच चांगला झालाय. पण तडजोड ती तडजोडच. कोरड्या रस्त्यावर उन्हाळी टायर सरस, बर्फावर हिवाळी.

टायरच्या बाजूला फक्त एम प्लस एस लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरची ठरावीक चाचणी उत्तीर्ण झालेला असतो. हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन प्रकारात हे चिन्ह अनेकदा नसतं. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हे चिन्ह असलेले टायर कायद्याने लागतात, तिथल्या मंडळींनी हे आधी पाहावं.

वेगाचं अक्षर गाडीला लागतं त्यापेक्षा खालचं घेऊ नका. व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू म्हणजे २७०. तेवढ्या वेगाने कोणी जायचं नाही, पण हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो हेही सांगतं. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला तो बरा, दोन कंपन्यांमध्ये नाही. डॉट या अक्षरांनंतरच्या मालिकेतले शेवटचे चार आकडे पाहा : ३२२४ म्हणजे २०२४ च्या ३२ व्या आठवड्यातला माल. सवलतीत मिळणारा टायर कधी कधी याच कारणाने स्वस्त असतो.

घेतल्यावर मुख्य काम हवेचं. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो, म्हणून पहिल्या थंड सकाळी डॅशबोर्डवर दिवा लागतो. भरायचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. या टायरची भिंत बुटकी असते, खड्ड्यात हवा कमी असेल तर रिम वाकते. ८ ते १० हजार किलोमीटरला टायरची जागा बदलून घ्या. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा असली तरी ओल्या रस्त्यावर पकड त्याच्या बरीच आधी कमी होते.

शोध लागला, मग पैसा का आला नाही?

गुडइयर यांनी गिऱ्हाईक मिळवण्यासाठी नमुने इंग्लंडला पाठवले होते. ते थॉमस हॅनकॉक यांच्या हाती लागले. त्यावरचा गंधकाचा पापुद्रा हॅनकॉक यांच्या लक्षात आला आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये त्यांनी ब्रिटिश पेटंटसाठी अर्ज केला. गुडइयर काही आठवड्यांनी मागे पडले. व्हल्कनायझेशन हे नावही हॅनकॉक यांचे मित्र विल्यम ब्रॉकेडन यांनी दिलं, अग्नीच्या रोमन देवावरून.

अमेरिकेत पेटंट मोडणारे उदंड झाले. १८५२ मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथे होरेस डे यांच्याविरुद्ध मोठा खटला चालला. गुडइयर यांच्या बाजूने उभे राहिले डॅनियल वेब्स्टर, त्या वेळचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. त्यांची फी १५ हजार डॉलर, तेव्हाच्या मानाने डोळे पांढरे करणारी. खटला जिंकला. पण गुडइयर यांनी परवाने फार स्वस्तात देऊन टाकले होते आणि हातात आलेला पैसा ते पुढच्या प्रयोगांत घालत होते.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्यांनी भिंतींपासून फर्निचरपर्यंत सगळं रबराचं असलेलं दालन उभारलं, १८५५ मध्ये पॅरिसला आणखी खर्चिक. क्लॅरिसा १८५३ मध्ये इंग्लंडमध्ये गेल्या; पुढच्या वर्षी त्यांनी फॅनी वॉर्डेल यांच्याशी लग्न केलं. फ्रेंच पेटंट तांत्रिक कारणावरून रद्द झालं, रॉयल्टी थांबली आणि डिसेंबर १८५५ मध्ये पॅरिसमध्ये कर्जापायी सोळा दिवस कोठडी झाली. तिसऱ्या नेपोलियनने दिलेला लीजन ऑफ ऑनरचा क्रॉस त्यांना त्या कोठडीतच मिळाला.

१ जुलै १८६० रोजी न्यू यॉर्कमधल्या एका हॉटेलात त्यांचं निधन झालं. मरणासन्न मुलीला भेटायला ते निघाले होते. वाटेत न्यू यॉर्कला पोहोचल्यावर ती आधीच गेल्याचं कळलं. मागे सुमारे २ लाख डॉलरचं कर्ज होतं.

टायर कंपनीशी त्यांचा संबंध काय?

नावापुरताच. गुडइयर टायर अँड रबर कंपनी १८९८ मध्ये ओहायोतल्या ॲक्रन इथे फ्रँक सायबरलिंग यांनी काढली, चार्ल्स यांच्या निधनानंतर ३८ वर्षांनी. नाव आदराने घेतलं. कुटुंबाचा त्यात वाटा नव्हता. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला टायर कारखान्यावर दिसणारं नाव त्याच कंपनीचं. चामड्याच्या महागड्या बुटांवर गुडइयर वेल्ट असं लिहिलेलं असतं, ते मात्र घरातलंच : बुटाचा तळ शिवण्याच्या त्या यंत्राचं पेटंट चार्ल्स यांच्या मुलाच्या, धाकट्या चार्ल्स गुडइयर यांच्या नावावर होतं.